चाळिसाव्याचा हलवा

"हलवा?" लेओन्तिनाने हत्ती मागितल्यासारखा पोम्पिलियु तिच्याकडे बघत राहिला. "हलवा आपण ठेवत नाही, काकू."

"ठेवत नाहीस हे मला ठाऊक आहे. ठेव म्हणून सांगायला आलेय."

"कसला हलवा?"

"कसला म्हणजे? सूर्यफुलाच्या बियांचा. साधा, राखाडी, सुरी लावली की भुगा होतो तो. क्रायोवाच्या घाऊक बाजारात ढीग पडलेले असतात. दर गुरुवारी तुझी गाडी जाते ना तिकडे? मग आण."

पोम्पिलियुने काउंटरवरचा पावाचा चुरा हाताने गोळा केला, खाली झटकला आणि स्वच्छ झालेला काउंटर पुन्हा एकदा पुसला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, एरवी बोलायला लागला की गिऱ्हाइकाची सुटका न करणारा माणूस. गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं. पाव, तेल, खिळे, मेणबत्त्या, गॅसच्या टाक्या, सगळं त्याच्याकडे, आणि दारासमोरच्या बाकावर सकाळपासून बिअरच्या बाटल्या घेऊन बसलेले चार म्हातारेही जवळजवळ दुकानातलेच. असा हा माणूस एका साध्या मागणीपुढे ततपप करत होता.

"बघतो," तो शेवटी म्हणाला. "सहसा मोठ्या उपासात येतो तो माल. ईस्टरच्या आधी."

"ईस्टरपर्यंत काय करू? नवऱ्याला सांगू, थांब म्हणून? आजपासून तीन आठवड्यांनी त्याचा चाळिसावा आहे. चाळीस पानं वाढायचीत. चाळीस वड्या लागतील, लिहून घे."

त्याने वही काढली. पेन्सिल तोंडात घातली, बाहेर काढली, बाकाकडे एक चोरटी नजर टाकली आणि काहीतरी खरडलं. लेओन्तिनाला ते वाचता आलं नाही, चष्मा घरी होता.

फिलिमोन जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यांच्या गावात चाळिसाव्याचा नेम असा, की मेलेल्याच्या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना पान द्यायचं. थाळीत एक गोल पाव, पेटलेली मेणबत्ती, नवा पंचा, वाइनचा पेला आणि जाणाऱ्याला जे आवडायचं ते. घेणारा म्हणतो, 'देव त्यांना क्षमा करो', आणि त्या क्षणापासून ती वस्तू तिकडे त्याची होते. इथे जे दिलं नाही, ते तिकडे मिळत नाही. लेओन्तिनाच्या सासऱ्यांच्या पानावर तंबाखू ठेवायची राहिली, तर ते सासूच्या स्वप्नात वर्षभर येऊन खिसे चाचपत होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि यावर कुणीही हसत नव्हतं.

म्हणून हलवा पाहिजे होता, आणि तो खरा पाहिजे होता. कारण फिलिमोनला जगात त्याहून जास्त काही आवडत नव्हतं, आणि अकरा वर्षं तो त्याला मिळू दिला नव्हता तो लेओन्तिनानेच.

अकरा वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला आणि लेओन्तिनाने तो स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीखाली लावला. मग ती तडक दुकानात गेली. तेव्हा हलव्याची लादी पोम्पिलियुच्या काउंटरवर, काचेच्या झाकणाखाली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी असायची. "ही काढ," ती म्हणाली होती. "माझा नवरा रोज पाव आणायला इथे येतो. त्याच्यापुढे हे विष मांडून ठेवणार असशील तर मी साऱ्या गावात तुझी अब्रू काढीन." पोम्पिलियु तेव्हा नवीन होता, घाबरला. दुसऱ्या दिवशी लादी गेली, झाकणही गेलं.

घरातली साखर तिने शेजारणीला देऊन टाकली. स्वतःही गोड सोडलं. तिचं रक्त चांगलं होतं, तिला कुणी पथ्य सांगितलं नव्हतं, आणि हलवा तिलाही लग्नाच्या आधीपासून आवडायचा. पण त्याच्यासमोर आपण खायचं आणि त्याने बघत बसायचं, हे तिला जमणारं नव्हतं. एवढं करून नर्सबाई महिन्याला साखर तपासायला यायची तर आकडा जागचा हलेना. लेओन्तिनाने त्याची द्राक्षं बंद केली. मग प्लम. मग टोमॅटोवर संशय घेतला. शेवटी पाव अर्ध्यावर आणला. साखर जिथल्या तिथे. नर्सबाई म्हणायची, "काहींचं शरीरच तसं असतं."

यंदा ऑगस्टमध्ये तो अंथरुणाला खिळला. तीन आठवडे झाले आणि एका दुपारी त्याने तिचा हात धरून विचारलं, "लेओन्तिना, हलव्याचा एक तुकडा मिळेल का गं?" ती म्हणाली, "बरा हो, मग बघू." तो हसला आणि भिंतीकडे वळला. दोन दिवसांनी गेला. तेव्हापासून ती 'मग बघू' हे शब्द घेऊन उठायची आणि तेच घेऊन झोपायची. एका तुकड्याने काय बिघडणार होतं? मरायचा तो मेलाच.

पहिल्या गुरुवारी ती दुपारीच जाऊन उभी राहिली. गाडी येऊन माल उतरला होता.

"घाऊकवाल्याकडे संपला होता," पोम्पिलियु म्हणाला.

"हलवा संपला? क्रायोवात?"

"त्यांचं काहीतरी… यंत्र बिघडलंय म्हणे."

"सगळ्या कारखान्यांचं एकदम बिघडलं?"

बाकावरचा एक म्हातारा खोकला. पोम्पिलियु म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. लेओन्तिना घरी आली तेव्हा डोक्यात तिडीक गेली होती. स्वतः क्रायोवाला जावं तर बस पहाटेची आणि तिचे गुडघे बसच्या पायरीला तयार नव्हते. दुसऱ्या कुणाला सांगावं तर 'लेओन्तिना, तू आणि हलवा?' हा प्रश्न आलाच असता, आणि त्याचं उत्तर तिला साऱ्या गावात वाटायचं नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी पोम्पिलियुने मोठ्या उत्साहाने एक खोकं पुढे सरकवलं. आत पिठीसाखरेत लोळवलेल्या गुलाबी, चिकट वड्या होत्या. रहात नावाची मिठाई. लहान मुलांच्या बारशाला वाटतात त्या.

"हे काय?"

"हलव्याऐवजी. किती छान दिसतात बघा ना पानावर."

"पोम्पिलियु, माझा नवरा मेलाय, त्याचं बारसं नाहीये. आणि ह्या वड्या कवळीला चिकटायच्या म्हणून तो कायम शिव्या घालायचा. आता तिकडे कवळी सुटली तर बसवून कोण देणार? तू जाणारेस?"

"काकू, हलवा मिळत नाहीये हो."

"मिळत नाहीये की तू आणत नाहीयेस? खरं सांग. अकरा वर्षांपूर्वी मी ओरडले त्याचा राग काढतोयस का?"

"नाही हो, देवाशप्पथ!" तो इतक्या कळवळून म्हणाला की तिला नवल वाटलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तिने बाकाकडे पाहिलं, तर चारही म्हातारे एकाच वेळी आपापल्या बाटलीवरचं लेबल वाचायला लागले होते.

"मग काय अडलंय?"

"तुम्हाला कशाला पण खराच पाहिजे?" त्याने हळूच विचारलं. "म्हणजे… तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

"मला कोण काय सांगणार? मीच तुला सांगतेय, गेले बारा दिवस! हलवा आण!"

घरी येताना ती वाटभर बडबडत होती. साधी गोष्ट. पैसे मोजून मागतेय, फुकट नाही. काय मागितलं होतं, चंद्र?

तिसऱ्या गुरुवारी मात्र खोकं भरलेलं होतं. चाळीस पाकिटं, मोजून. "आणला बघा," पोम्पिलियु म्हणाला आणि ती काही बोलायच्या आत खोकं स्वतः उचलून तिच्या घरापर्यंत पोचवून पळाला. लेओन्तिनाचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने गहू भिजवले आणि अक्रोड फोडले. कोलिवा करायचा होता. उकडलेल्या गव्हाचा तो गोड प्रसाद चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे ठेवावाच लागतो.

शुक्रवारी सकाळी चष्मा लावून ती पाकिटं फोडायला बसली. पाकिटावर हिरवी पट्टी होती. पट्टीवर लिहिलं होतं, 'साखरविरहित. मधुमेहींसाठी खास.'

तिने दुसरं उचललं. तिसरं. चाळीसच्या चाळीस हिरवी.

गुडघ्यांचं दुखणं विसरून ती दुकानात कशी पोचली हे तिला नंतरही आठवलं नाही. पाकीट तिने काउंटरवर आपटलं.

"हे काय आणलंस?"

"हलवा," पोम्पिलियु म्हणाला. "सूर्यफुलाचा. तुम्हाला बरं वाटेल म्हणून मुद्दाम पथ्याचा…"

"पथ्याचा! अरे, तो मेला! मेलेल्या माणसाची साखर वाढते का? तिकडे कुठली नर्सबाई सुई घेऊन बसलीये? मी देईन तेच त्याला मिळणार, कळतंय तुला? म्हणजे आता कायमचं त्याने हे भुस्कट खायचं?" तिचा आवाज फाटला. "अकरा वर्षं मी त्याला तोंडाला लावू दिला नाही. मरताना एक तुकडा मागितला माझ्याकडे. एक! मी म्हटलं, मग बघू. तसाच गेला, उपाशी. आता तरी पोटभर खाऊ दे म्हणून गेले तीन आठवडे तुझ्या दारात भीक मागतेय आणि तू माझ्या तोंडाला पानं पुसतोयस!"

आणि ती रडायला लागली. काउंटरला धरून, भर दुकानात. फिलिमोनला पुरला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

पोम्पिलियुचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो काउंटरच्या बाहेर आला, तिला स्टुलावर बसवलं, पाण्याचा पेला दिला.

"म्हणजे तुम्ही मला पकडायला हलवा मागत नव्हता?"

"कशात पकडायला?"

"मला वाटलं तुम्हाला कळलंय. काकांच्या मागे मला उघडं पाडायला येताय. एकदा आणला की म्हणणार, हा बघा, इतक्या सहज कसा मिळाला, म्हणजे आधीपासूनच आणत होता." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. चांगल्या मनाचा माणूस होता, तिचे अश्रू त्याला बघवत नव्हते आणि ते थांबवायचा एकच उपाय त्याला सुचला. "काकू, रडू नका. काका उपाशी नाही गेले."

"म्हणजे?"

"ते खायचे. इथे. मागच्या खोलीत, तेलाच्या खोक्यांवर बसून. मंगळवारी आणि शुक्रवारी, ताजा पाव यायचा तेव्हा. दोन बोटं जाड तुकडा. मी फक्त त्यांच्यासाठी आणायचो, आत कपाटात ठेवायचो. ते गेले आणि मी आणणं बंद केलं. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं."

लेओन्तिनाचं रडणं थांबलं. नळ बंद केल्यासारखं.

"कधीपासून?"

"तुम्ही लादी काढायला लावलीत ना… त्यानंतर चार-सहा महिन्यांनी."

"अकरा वर्षं."

"साडेदहा."

"वास कसा आला नाही मला?"

पोम्पिलियुला आता बोलण्याचा भर आला होता, गुपित पोटात ठेवून तोही थकला असावा. "वरून तुइकेचा एक घोट घ्यायचे. त्यावरून तुम्ही भांडायच्या ना? काका म्हणायचे, भांडू दे, दारूच्या वासाखाली हलवा झाकतो."

लेओन्तिनाने दरवाजाबाहेर पाहिलं. बाक रिकामा होता. चार बाटल्या अर्ध्या भरलेल्या तशाच उभ्या होत्या.

"त्यांना माहीत होतं?"

"हो."

"सगळ्या गावाला?"

"बायकांना नाही," पोम्पिलियु म्हणाला, तिला तेवढंच बरं वाटावं म्हणून.

तिला द्राक्षं आठवली. प्लम आठवले. टोमॅटो आठवले, आणि अर्धा केलेला पाव, जो ती त्याच्या पानात ठेवताना स्वतःच्या पानातलाही अर्धा करायची. नर्सबाईच्या यंत्रावरचा आकडा बघून तो कसा मान हलवायचा आणि म्हणायचा, 'काय करणार, नशीब.' तो मेला नसता तर तिने त्या क्षणी त्याला मारला असता.

"तूच खाल्लास त्याला," ती म्हणाली. "तू आणि तुझ्या कपाटाने."

"मी नाही म्हणायचो हो सुरुवातीला. ते म्हणायचे, मग दुकान बदलतो."

"गावात दुसरं दुकान कुठंय?"

"तेच मला नंतर सुचलं." त्याने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "शेवटचा तुकडा मात्र त्यांना नाही मिळाला. निरोप पाठवला होता त्यांनी. मी आलो होतो बघायला, आठवतंय? खिशात होता. पण तुम्ही खुर्चीवरून उठलाच नाहीत."

आठवत होतं. पोम्पिलियु खाटेजवळ उभा होता, एका हातात टोपी, दुसरा हात खिशात. फिलिमोन सारखा त्या खिशाकडे बघत होता. तिला वाटलं होतं, बिचाऱ्याची नजर गेली. ती खुर्चीला चिकटून बसली होती, पाहुण्याने थकवू नये म्हणून. पोम्पिलियु गेला, आणि त्यानंतर फिलिमोनने तिचा हात धरून विचारलं होतं. दुसरा काही मार्गच उरला नाही तेव्हा बायकोला विचारलं होतं.

पोम्पिलियु आत जाऊन एक पुडकं घेऊन आला. तपकिरी कागदात गुंडाळलेली अर्धी लादी. "त्यांचीच राहिलेली. विकवेना आणि टाकवेना. खराब होत नाही हा. न्या, काकू. आणि ती हिरवी पाकिटं मी परत घेतो."

लेओन्तिनाने पुडकं काखेत मारलं. "त्या पाकिटांना हात लावू नकोस," ती म्हणाली.

शनिवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये प्रार्थना म्हटली, वाइन शिंपडली, कोलिवा वाटला. तो नेहमीसारखाच गोड होता, देवाच्या कामात लेओन्तिनाने ढवळाढवळ केली नाही. मग सगळे तिच्या अंगणात आले. लांब टेबलावर एकोणचाळीस थाळ्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत पाव, पेटलेली मेणबत्ती, पंचा, वाइन आणि हिरव्या पट्टीचं पाकीट.

एका बाईने पट्टी वाचली. "अगं लेओन्तिना, हा तर पथ्याचा!"

"हो," लेओन्तिना मोठ्याने म्हणाली. "पथ्यच होतं त्याला. डॉक्टरांनी सांगितलेलं."

बाकावरचे चार म्हातारे अंगणात शेवटी उभे होते. त्यांच्या थाळ्या तिने स्वतः नेऊन दिल्या, एकेकाच्या डोळ्यांत बघत. चौघांनी खाली बघून 'देव त्याला क्षमा करो' म्हटलं.

चाळिसावी थाळी तिने घरातून आणली, पोम्पिलियुची. तिच्यात हिरवं पाकीट नव्हतं. पावाशेजारी राखाडी हलव्याचा एक तुकडा होता, दोन बोटं जाड, कडा ढासळलेल्या.

"फिलिमोनच्या नावाने," ती म्हणाली. "एक मागितला होता, एक देतेय. बाकीचा त्याने आधीच खाल्लाय. मी तिकडे पोचेपर्यंत आता त्याने पथ्य पाळायचं. खा. इथेच, माझ्यासमोर."

पोम्पिलियुने उभ्याउभ्या तो खाल्ला. घशात अडकला, तरी खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "देव त्यांना क्षमा करो," तो म्हणाला.

"देव करेल. माझं मी बघते."

माणसं पांगली. पोम्पिलियु टेबलं आवरायला थांबला, तेवढी लाज त्याला होती. लेओन्तिना पायरीवर बसली, तपकिरी कागद मांडीवर उलगडला आणि सुरीने एक तुकडा काढला. अकरा वर्षांत पहिला. जिभेवर ठेवला तेव्हा तो आधी कोरडा लागला, मग तेलकट, मग इतका गोड की दात शिवशिवले. चांगला होता. फिलिमोनला काय चांगलं ते कळायचं. तिला त्याच्याशी भांडायचं होतं, कडाकडा, शेजारीपाजारी कान देतील असं, आणि भांडायला हवा होता नेमका तोच माणूस नव्हता. तिने दुसरा तुकडा कापला.

"काकू, खुर्च्या आत ठेवू?" पोम्पिलियुने विचारलं.

"ठेव. आणि वहीत लिही. गुरुवारी एक पूर्ण लादी आण."

"पूर्ण? कुणासाठी?"

"मी जिवंत आहे ना अजून? आणि काउंटरवर मांड, काचेच्या झाकणाखाली. मी मागच्या खोलीत बसून खाणार नाही."